ठाण्यातल्या बाकावरचा माणूस

वहिनींची बॅग ओढली गेली तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा झाले होते आणि रस्त्यावर पुरता उजेड होता. मोटारसायकलवर दोघे होते. पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मागच्याच्या नव्हतं. गर्दीच्या बसमधल्या सवयीने वहिनींनी बॅगेचा पट्टा उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. त्यामुळे बॅग सुटली नाही आणि त्या आठ-दहा पावलं फरफटत गेल्या. मागचा माणूस खाली वाकून त्यांना म्हणाला, "छोड़ दो आंटी, हाथ जाएगा." मग पट्टा तुटला. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

हा तपशील मी हॉस्पिटलमध्ये, प्लास्टर वाळायची वाट बघताना, त्यांच्याकडून घेतला. चेहरा पाहिला का, असं विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितलं की डाव्या कानाखाली, जबड्यावर बोराएवढा पांढरा डाग आहे, कोडाचा असावा. वहिनी एका केंद्रीय खात्यात स्टेनो आहेत. दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली आहेत. मी पुढे तीन-चार वेळा तोच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारला. उत्तरात शब्दाचा फरक पडला नाही.

त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातली ती क्वार्टर्स केंद्र सरकारी नोकरांची. आमची माझ्या बायकोच्या नावावर आहे. जिन्यात दोनच मराठी घरं, म्हणून त्या वहिनी आणि मी भाऊजी. मूळच्या त्या महाराष्ट्रातल्या नगर जिल्ह्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. नाताळात त्यांच्याकडून वर येणाऱ्या डब्यात करंज्याच असतात. नवऱ्याचं पोस्टिंग पानिपतला, तो शुक्रवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी पहिल्या गाडीने जातो. मुलगी नववीत. आठवड्याचे पाच दिवस घरात दोघीच.

प्लास्टरच्या हाताकडे बघत वहिनींनी विचारलं, "भाऊजी, पोलिसांत तुमचं कुणी आहे ना?"

होतं. मी एका दैनिकासाठी एकोणीस वर्षं दिल्लीतली गुन्हेगारी कव्हर करत होतो. ज्या ठाण्याच्या हद्दीत बॅग ओढली गेली, तिथल्या तपासाच्या इन्स्पेक्टरला मी सहा वर्षं ओळखत होतो. सामान्य माणूस तक्रार घेऊन जातो तेव्हा तो ठाण्याच्या पुढच्या खोलीत ड्युटी ऑफिसरच्या टेबलासमोर उभा राहतो. तिथे बॅग ओढली म्हटलं तर हरवली लिहितात, आणि फारच जोर केला तर चोरी लिहितात. मी ते टेबल टाळलं. सरळ इन्स्पेक्टरला फोन केला. त्याच संध्याकाळी गुन्हा नोंदला गेला, योग्य कलमाखाली, आणि जबाब घ्यायला सब-इन्स्पेक्टर घरी आला. वहिनींनी डाव्या हाताने सही केली. या कामगिरीबद्दल मला बरं वाटलं होतं, हेही इथे नोंदवायला हवं. पुढे जे बिघडलं ते याच सवयीतून बिघडलं.

बारा दिवसांनी इन्स्पेक्टरचा फोन आला. मॅडमना घेऊन या, काही फोटो दाखवायचे आहेत. नोटीस वगैरे काढत नाही, तुमच्या घरचंच काम आहे, चहाला या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वहिनींना घेऊन गेलो. ड्युटी ऑफिसरच्या रजिस्टरमध्ये नोंद न करता आम्ही मागच्या बाजूने त्याच्या खोलीत गेलो. मी नेहमी तसाच जात असे.

खोलीत इन्स्पेक्टर टेबलामागे होता. भिंतीलगतच्या बाकावर पस्तिशीचा एक माणूस पाय लांब करून मोबाइल बघत होता. त्याला मी त्या खोलीत आधी दोनदा पाहिलं होतं, पण चेहऱ्याकडे कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. इन्स्पेक्टरने त्याला चहा सांगायला लावलं. तो दारापर्यंत गेला, बाहेर हाक मारून परत येऊन बसला. वहिनींसमोर सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम ठेवला गेला. त्या डाव्या हाताने पानं उलटू लागल्या. चहा आला, त्यांनी घेतला नाही. शेवटच्या पानापर्यंत गेल्या, मग अल्बम मिटून म्हणाल्या की यात नाही. इन्स्पेक्टर म्हणाला, हरकत नाही, अजून पकडू.

गाडीत दुसऱ्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "भाऊजी, तो बाकावरचा पोलीस कुठल्या हुद्द्याचा?"

"तो पोलीस नाही."

"मग आत कसा बसतो?"

मी म्हणालो, असे काही लोक असतात, पोलिसांची कामं करतात.

"तोच होता," त्या म्हणाल्या. "डाग झाकायला त्याने मफलरसुद्धा घेतला नव्हता. गरज वाटली नसणार."

तिथेच का नाही सांगितलं, असं मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या म्हणाल्या की त्यांना तो पोलीसच वाटला होता. पोलिसाने बॅग ओढली हे पोलिसाच्याच खोलीत बसून पोलिसाला कसं सांगायचं, याचा विचार करत त्या अल्बमची पानं उलटत होत्या. एकही फोटो त्यांनी नीट पाहिला नव्हता.

खबऱ्याला इकडे मुखबिर म्हणतात. गुन्ह्याच्या कागदांत तो 'मुखबिर खास' म्हणून येतो: त्याच्याकडून माहिती मिळाली, त्याने लांबून इशारा करून आरोपी दाखवला आणि तो तिथून निघून गेला. नाव कुठेच नसतं आणि न्यायालयही ते विचारत नाही. ही तरतूद योग्य आहे. नाव फुटलं तर माणूस मारला जाऊ शकतो. अशा खबऱ्यांच्या माहितीवर पकडलेल्या लोकांच्या बातम्या मी शेकड्याने केल्या असतील. त्या बाकावरच्या माणसाच्या माहितीवरची निदान एक तरी मीच केली होती. सहा वर्षांचं एक मूल पळवून नेलं होतं, ते दोन दिवसांत सुखरूप परत आलं. त्या बातमीत मी 'खात्रीलायक माहितीवरून' एवढंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच इन्स्पेक्टरकडे गेलो. बाक रिकामा होता. मी सगळं सांगितलं. तो मध्ये बोलला नाही. हा माणूस कधीच आवाज चढवत नाही, तपासातही नाही, ही त्याची ख्याती होती. ऐकून झाल्यावर तो म्हणाला की मॅडम घाबरलेल्या होत्या, असा डाग दिल्लीत हजार लोकांना असेल. मी म्हणालो की डाग त्यांनी पहिल्याच जबाबात लिहून दिला आहे, तो जबाब तुम्ही वाचला होता, आणि तरीही त्या माणसाला त्याच वेळी खोलीत बसवून ठेवलंत. त्यावर त्याने पेपरवेट एका बाजूचा दुसऱ्या बाजूला ठेवला.

"वो मेरा आदमी है," तो म्हणाला. "उस बच्चे वाली ख़बर उसी ने दी थी. आपने ही छापी थी."

मग त्याने मला विचारलं, "आप अपना सोर्स बताते हो?"

माझ्या सोर्सने कुणाचं मनगट मोडलेलं नाही, हे उत्तर मला घरी परतताना मेट्रोत सुचलं, आणि ते पुरेसं नव्हतं. माझा सोर्स तो इन्स्पेक्टर होता. खबर देणाऱ्यांचे लहानसहान गुन्हे असे मागे टाकले जातात, कुणाची मोटारसायकल तपासायची नाही, कुणाचं नाव आरोपपत्रातून गाळायचं, हे मला अनेक वर्षांपासून माहीत होतं. मी त्यावर कधी ओळ लिहिली नाही, कारण ती माहिती ज्यांच्याकडून कळली त्यांच्याकडूनच उद्याची बातमी मिळणार होती. वहिनींना त्या खोलीत मुद्दाम बसवलं की निष्काळजीपणाने, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. इन्स्पेक्टर निष्काळजी माणूस नव्हता, एवढं मात्र सांगता येतं.

वहिनींनी पुरवणी जबाब द्यायचं ठरवलं. सब-इन्स्पेक्टर पुन्हा घरी आला. तरुण होता, टेबलावर कागद पसरून हिंदीत लिहू लागला, आणि वहिनी त्याला डिक्टेशन द्यावं तसं वाक्यागणिक थांबत सांगू लागल्या. तो हसून म्हणाला, मॅडम, तुम्हीच लिहायला हवं होतं. आरोपीला पुन्हा कुठे पाहिलं, या ठिकाणी वहिनींनी सांगितलं, इन्स्पेक्टर साहेबांच्या खोलीत, बाकावर. त्याचं पेन थांबलं. फोन घेऊन तो जिन्यात गेला. परत आला तेव्हा त्याने 'ठाण्याच्या परिसरात' असं लिहिलं. वहिनींनी कागद वाचला आणि म्हणाल्या, परिसर नाही, खोली. तो म्हणाला, एकच आहे मॅडम. बराच वेळ वाद घालूनही 'परिसर' हा शब्द तसाच राहिला.

त्या आठवड्यात वहिनी कामावर परत गेल्या. घरी येताना, बॅग ओढली गेली त्याच बाजाराजवळ त्यांना बस बदलावी लागते. चौथ्या दिवशी स्टॉपला लागून असलेल्या मोमोच्या गाडीपाशी तो बाकावरचा माणूस उभा होता. बस येईपर्यंत तो तिथेच होता. त्या पायरीवर चढत असताना मागून म्हणाला, "आंटी, हाथ ठीक है?"

हे त्यांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात सांगितलं. मुलगी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. मी खबऱ्या म्हणालो, तर तिने खबऱ्या म्हणजे काय ते विचारलं. वहिनी म्हणाल्या, मुखबिर. मुलगी म्हणाली, "अच्छा. म्हणजे तो पुलिसवालाच आहे, फक्त युनिफॉर्म नाही." तिला सुधारावं असं मला वाटलं, पण नेमकं काय सुधारायचं ते सापडलं नाही.

त्या दिवसापासून वहिनींचं मागणं एकच उरलं: तो माणूस त्या स्टॉपवर नसावा. बॅगेचं, त्यातल्या फोनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी इन्स्पेक्टरला फोन केला. तो म्हणाला, मी दम देतो. आठ दिवस तो दिसला नाही, नवव्या दिवशी पुन्हा मोमोच्या गाडीशी होता. या वेळी त्याने नुसता हात उंचावून मनगट फिरवून दाखवलं.

साक्षीदाराला धोका असेल तर संरक्षण मागता येतं, तशी योजना आहे. वहिनींच्या वतीने मी अर्ज लिहिला. धोका किती आहे याचा अहवाल त्याच भागातले पोलीस देतात. त्यांनी धोका किरकोळ असल्याचं कळवलं आणि बीटचा, म्हणजे त्या भागात गस्त घालणारा, शिपाई अधूनमधून भेट देईल असं ठरलं. शिपाई तीनदा आला. दर वेळी दारात वहिनींच्या शेजारी उभा राहून स्वतःचा फोटो काढत असे, तो वरिष्ठांच्या ग्रुपवर टाकत असे, आणि पाणी पिऊन जात असे. तिसऱ्या वेळी तो वहिनींना म्हणाला, मॅडम, थोडं हसा, घाबरलेल्या दिसलात तर साहेब मला विचारतात.

शनिवारी नवऱ्याशी त्यांचं वाजलं. आवाज वरपर्यंत येत होता. तो बिचारा घाबरला होता आणि घाबरल्याचं रागात काढत होता. हात जुळून येतोय, विषय मिटव, मी आठवड्याचे पाच दिवस इथे नसतो, पोरगी मोठी होतेय, असं त्याचं म्हणणं होतं. वहिनी म्हणाल्या, "त्या स्टॉपवर मी उतरते, तुम्ही नाही."

दोन महिन्यांनी पोलिसांनी न्यायालयात 'अनट्रेस' अहवाल दाखल केला. आरोपींचा शोध लागत नाही, प्रकरण बंद करावं, असा तो असतो. तक्रारदाराने दाखवलेल्या इसमाची गोपनीय चौकशी केली असता तो त्या वेळी अन्यत्र असल्याचं आढळलं, असं एक वाक्य त्यात होतं. कुठे, कुणासोबत, ते नव्हतं. अहवालावर आक्षेप आहे का, अशी नोटीस वहिनींना आली. त्यांना आक्षेप होता.

माझ्या परिचयाचे एक मराठी वकील आहेत. त्यांना आम्ही कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या जुन्या अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये भेटलो. थालिपीठ खात त्यांनी कागद वाचले आणि मला विचारलं की त्या दिवशी खोलीत आणखी कोण होतं. मी म्हणालो, मी होतो.

"म्हणजे तो पोलिसांच्या घरातला माणूस आहे, याचा साक्षीदार तुम्ही एकटेच."

हो, मी म्हणालो.

"आणि परेडच्या आधी आरोपी तक्रारदाराला दाखवला गेला, याचेही साक्षीदार तुम्हीच."

त्यांनी ते सावकाश समजावून सांगितलं. ओळख परेडमध्ये तक्रारदाराने दहा माणसांतून आरोपी निवडायचा असतो. त्याआधी तो तिला कुठेही दिसलेला असता कामा नये. दिसला असेल तर तिने प्रसंगात पाहिलेला चेहरा ओळखला की नंतर पाहिलेला, हे कुणालाच सांगता येत नाही. त्या माणसाला पोलिसांचा आसरा आहे, हे सिद्ध करायला मी जे प्रतिज्ञापत्र देईन, त्यानेच वहिनींची ओळख बाद होऊ शकते. दिलं नाही, तर आसऱ्याचा पुरावा नाही आणि अहवाल तसाच मंजूर होईल. वहिनींनी विचारलं की तो डाग पहिल्या दिवशीच लिहून दिलाय, त्याचं काय. वकील म्हणाले, आपला सगळा भरवसा त्यावरच आहे. मग त्यांनी मला विचारलं की तुम्ही ठाण्यात नोंद न करता का गेलात. नोटिशीवर गेला असतात, पुढच्या टेबलाशी रांगेत बसला असतात, तर कदाचित तो समोर आलाच नसता. निदान कोण कुठे बसलं होतं याचा कागद तरी झाला असता. मी म्हणालो, मी नेहमी तसाच जातो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या थालिपीठाचा तुकडा डाव्या हाताने मोडायचा प्रयत्न करत होत्या.

प्रतिज्ञापत्र द्यायचं की नाही, यावर मी सहा दिवस घेतले. ऑफिसात ब्यूरो चीफच्या कानावर घातलं. ते म्हणाले, शेजारधर्म म्हणून कर, पण मग क्राइम बीट सोडावी लागेल, कारण सोर्सच्या खोलीत काय पाहिलं ते कोर्टात लिहून देणाऱ्याला कुणी पुन्हा खोलीत घेणार नाही. ते खरंच होतं. बायको म्हणाली, सहा दिवस कसला विचार करतोयस, तुला काय ते ठाऊक आहे. तेही खरं होतं. सातव्या दिवशी मी दीड पानी प्रतिज्ञापत्र लिहिलं. त्यात विशेषणं नव्हती. कोण कुठे बसलं होतं, चहा कुणी सांगितला, अल्बम किती वेळ पाहिला, वहिनी गाडीत काय म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर मला काय म्हणाला, एवढंच होतं. मुलाच्या सुटकेत त्या माणसाचा हात होता, हा इन्स्पेक्टरच्या बोलण्यातला भाग मात्र मी लिहिला नाही. ते नाव फुटण्यासारखं झालं असतं, आणि त्याचे जे शत्रू आहेत ते वहिनींपेक्षा फार वेगळ्या जातीचे आहेत.

इन्स्पेक्टरचा एकदाच फोन आला. तो म्हणाला, तुम्ही तुमचं काम केलंत, मला राग नाही. आवाज नेहमीसारखाच होता. त्यानंतर मी केलेले फोन त्याने उचलले नाहीत.

न्यायालयाने आक्षेप मान्य केला आणि अधिक तपासाचा आदेश दिला. त्या संध्याकाळी वहिनींनी घरी शिरा केला आणि वाटी वर पाठवली. तपास मात्र त्याच ठाण्याकडे गेला, कारण हद्द त्यांची. अधिकारी बदलला, तेवढंच. नवा अधिकारी पुढच्या टेबलाच्या रांगेत आम्हाला बसवून, रजिस्टरमध्ये नावं लिहून, सगळं नियमाने करत होता. त्याने माझाही जबाब घेतला. मी प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं तेच सांगितलं.

दुसरा अहवाल चार महिन्यांनी आला. तोही अनट्रेस. या वेळी तो सविस्तर होता. त्यात माझ्या प्रतिज्ञापत्रातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला होता: तक्रारदार व सदर इसम एकाच खोलीत साधारण वीस मिनिटं समोरासमोर होते, उजेड पुरेसा होता, मध्ये आडोसा नव्हता. त्यामुळे ओळख परेड घेणं निरर्थक आहे, असा निष्कर्ष होता. डागाबद्दल लिहिलं होतं की अशा खुणा सर्वसाधारणपणे आढळतात. तो इसम ठाण्यात का बसला होता, याचं उत्तर एका ओळीत होतं: तो अन्य कामानिमित्त आला होता. इन्स्पेक्टर मला काय म्हणाला होता, तो परिच्छेद गाळला होता.

मी कॉपी वहिनींना नेऊन दिली. त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली. म्हणाल्या, "तुमचं लिहिणं स्वच्छ आहे, भाऊजी. कुठेच दोन अर्थ निघत नाहीत." त्यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही.

पुन्हा नोटीस आली. वकिलांनी दुसऱ्या आक्षेपाचा मसुदा तयार ठेवला होता. पहिल्या जबाबातला डाग आणि गाळलेला परिच्छेद, असे दोन मुद्दे पुरेसे आहेत, पण दोन-तीन वर्षांची तयारी ठेवा, असं त्यांनी सांगितलं. नवरा पानिपतहून येतो म्हणाला होता, वहिनींनी नको म्हटलं. मी सोबत गेलो.

आमचा पुकारा साडेअकराला झाला. मॅजिस्ट्रेट तिशीच्या बाई होत्या, समोर फायलींचा ढीग होता, तरी त्यांनी वहिनींना बसायला सांगितलं. अहवाल वाचलात का, विचारलं. वहिनी हो म्हणाल्या. आक्षेप आहे का, विचारलं. वकील फाइल उघडत होते.

वहिनींनी हिंदीत विचारलं की आक्षेप घेतला तर काय होईल. मॅजिस्ट्रेट म्हणाल्या, मी विचार करेन, कदाचित पुन्हा तपासाला पाठवेन. कुणाकडे, वहिनींनी विचारलं. मॅजिस्ट्रेट म्हणाल्या, हद्दीच्या ठाण्याकडे.

"आणि तोपर्यंत तो माणूस?"

त्याच्यावर आरोप नाही, मॅजिस्ट्रेट म्हणाल्या, त्याला अडवता येणार नाही.

"फिर कोई आपत्ति नहीं है," वहिनी म्हणाल्या.

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही करू शकत नव्हतो. टायपिस्टने निवेदन टाइप केलं: मी अहवाल वाचला आहे, मला त्यावर आक्षेप नाही, हे निवेदन मी कोणत्याही दबावाशिवाय करत आहे. वहिनींनी कागद हातात घेऊन तो सवयीने ओळीओळीवर बोट ठेवत वाचला. मग त्या म्हणाल्या की यात एक वाक्य वाढवायचं आहे: मी ज्याला ओळखलं तो माणूस तोच होता. टायपिस्टने मान वर करून मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं. मॅजिस्ट्रेट समजुतीच्या सुरात म्हणाल्या की ते वाक्य घातलं तर तो आक्षेप होतो, आणि मग तारीख द्यावी लागेल. दोन्ही एका कागदावर राहू शकत नाहीत. ठरवा.

वहिनी कागदाकडे बघत राहिल्या. मागे पुढच्या केसचे लोक दाराशी जमले होते. मग त्यांनी पेन घेतलं आणि उजव्या हाताने सही केली. न्यायालयातल्या हवालदाराने फाइलमधल्या आधीच्या सह्यांशी ती ताडून पाहिली आणि म्हणाला, जुळत नाही. आधीच्या सगळ्या डाव्या हाताच्या होत्या. वहिनींनी पेन डाव्या हातात घेतलं आणि खाली पुन्हा सही केली. ही जुळली.

बाहेर आल्यावर त्यांनी वकिलांचे आभार मानले. मेट्रोत आम्हाला जागा मिळाली. मी म्हणालो की मी हे छापायचा प्रयत्न करतो, नावं न घालता. त्या म्हणाल्या, आता नको, त्याला कळेल की अजून कुणीतरी त्याच्या मागे आहे, आणि मी त्याच रस्त्याने जाते. मग त्यांनी सांगितलं की गेल्या सोमवारपासून त्या बाजाराच्या स्टॉपवर उतरतच नाहीत. दोन स्टॉप आधी उतरून गल्लीतून चालत दुसरी बस गाठतात. साहेबांनी ऑफिसातून वीस मिनिटं लवकर निघायची परवानगी दिली आहे, तोंडी.

पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी साचतं, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, विचारलंय मी, घोट्यापर्यंतच येतं.